पांढऱ्या झग्याचा रंग

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचा विधी झाला. पुढच्या रविवारी चर्चच्या पडवीतील फलकावर त्या सोहळ्याची छायाचित्रे लावण्यात आली. मिस्सा संपल्यावर फलकापुढे गर्दी जमली आणि त्या गर्दीत आम्हीही उभे राहिलो. सारी मुले शुभ्र वस्त्रांत उजळून दिसत होती. एका मुलीचा झगा मात्र पिवळसर, वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिल्यासारखा दिसत होता. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "जुनाच घातलेला दिसतोय." ते आम्ही ऐकले, आणि दुर्दैवाने ते आम्हांला पटले.

पटण्यास कारण होते. गरजू कुटुंबांतील मुलांच्या पोशाखासाठी मदतनिधीतून काही रक्कम बाजूला ठेवली होती. या मुलीच्या आईने ती नम्रपणे नाकारली होती. त्याच आठवड्यात ती एका दाखल्यासाठी कार्यालयात आली, तेव्हा आम्ही तिला म्हणालो, "अगं मुली, देवाच्या घरी संकोच कसला? मदत घेतली असतीस, तर लेकरू चारचौघांत वेगळे दिसले नसते." आमच्या मते हे प्रेमाचे बोल होते. ती काहीच बोलली नाही. "येते, फादर," एवढे म्हणून दाखला न घेताच ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई आल्या. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला झगा आमच्या टेबलावर उलगडून ठेवला. "फादर, हा बघा. सुनेनं स्वतःच्या लग्नाचा झगा कापून पोरीला शिवलाय. मी माझ्या हातानं दोनदा निळीतनं काढलाय." खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उजेडात तो झगा आमच्या आल्बपेक्षाही शुभ्र दिसत होता.

आम्हांला बोलण्यास शब्द सुचेना. त्या मुलीला आम्हीच ख्रिस्तप्रसाद दिला होता. हातभर अंतरावरून तो झगा आम्ही प्रत्यक्ष पाहिला होता. तरीही आठ दिवसांनी आम्ही स्वतःच्या डोळ्यांवर नव्हे, तर एका कागदावर विश्वास ठेवला.

छायाचित्रे काढणारा तरुण आमच्याच धर्मग्रामातला. त्याला बोलावून आम्ही विचारले, "अरे, हे असे कसे झाले?" तो ओशाळला आणि म्हणाला, "फादर, रंगाचं सगळं कॅमेऱ्यावर सोडलं होतं. ऑटो व्हाइट बॅलन्स." मग त्याने आम्हांला जे समजावले, ते वाचकांनाही उपयोगी पडावे.

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो. तो केल्विन या एककात मोजतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे 1900 केल्विन, जुन्या तारेच्या दिव्याचा सुमारे 2700, भर दुपारच्या उन्हाचा सुमारे 5500, तर निरभ्र दिवशी सावलीतल्या उजेडाचा 7000 किंवा त्याहूनही अधिक. आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळा. जितका मोठा तितका निळसर. रिळाच्या कॅमेऱ्यांच्या काळात हा हिशेब रिळातच ठरलेला असे. उन्हाचे रीळ 5500 केल्विनचे, तर स्टुडिओतील दिव्यांसाठीचे 3200चे. डिजिटल कॅमेरा मात्र प्रत्येक चित्रागणिक नवा अंदाज बांधतो. त्याला प्रकाश वेगळा आणि वस्तू वेगळी अशी दिसत नाही. दोहोंचा मिळून झालेला रंगच काय तो त्याच्यापर्यंत पोहोचतो. जुन्या साध्या हिशेबाप्रमाणे तो असे धरून चालतो की, समोरच्या साऱ्या रंगांची सरासरी करड्या रंगाची असावी. चित्रात निळे फार दिसले तर प्रकाशच निळा असावा असे मानून तो त्यात पिवळेपणा मिसळतो. तांबडे-पिवळे फार दिसले तर निळेपणा मिसळतो. आजचे कॅमेरे याहून पुष्कळ हुशार झाले आहेत, तरी अंदाज तो अंदाजच.

आमच्या चर्चमध्ये वेदीवर जुने पिवळे दिवे, सभागृहात पांढरे एलईडी आणि बाजूच्या दारांतून येणारा दिवसाचा उजेड. तीन प्रकारचा प्रकाश एकाच चित्रात आला, तर कोणताही एकच हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. त्यात ती मुलगी रांगेच्या टोकाला, मरियामातेच्या मूर्तीमागील मोठ्या निळ्या पडद्यापुढे उभी होती. इतर मुलांच्या मागे वेदीचे तांबूस लाकूड होते. कॅमेऱ्याने पडद्याचा निळा रंग प्रकाशाचा मानला आणि तो काढून टाकण्यासाठी त्या निष्पाप झग्यावर पिवळी छटा चढवली. म्हणजे दोष झग्यात नव्हता. तिच्या मागे काय होते, त्यावरून तिचा रंग ठरवला गेला.

हे ऐकताना आम्हांला त्या आजींची नीळ आठवली. कपडा पिवळा पडू लागला की आपल्या आयाबहिणी पाण्यात निळीचे चार थेंब टाकतात. निळेपणाने पिवळेपणा मारायचा, हाच तो समतोल. पण त्यांची नजर कपड्यावर असते. नीळ जास्त झाली की कपडा निळा पडतो, हे त्या जाणतात आणि हात आवरतात.

माणसाचा डोळाही हा समतोल रात्रंदिवस साधत असतो. म्हणून तर मेणबत्तीच्या उजेडातही प्रार्थनापुस्तकाचे पान आपणांस पांढरेच वाटते. तथापि डोळाही फसतो. 2015 साली स्कॉटलंडमधील एका लग्नाच्या निमित्ताने काढलेले एका झग्याचे छायाचित्र जगभर गाजले. झगा होता निळा आणि काळा. असंख्य लोकांना मात्र तो पांढरा आणि सोनेरी दिसला. प्रकाश कसा होता याविषयी ज्याच्या मनाने जे गृहीत धरले, त्याप्रमाणे त्याला रंग दिसला. आम्हीही त्या आईविषयी आधीच काही गृहीत धरले होते. मदत नाकारली म्हणजे मानी असणार, आणि मानी गरिबाचे कपडे जुनेच असणार. कॅमेऱ्याने चूक केली खरी, परंतु त्या चुकीला अर्थ आम्ही दिला.

संत मार्कने प्रभूच्या रूपांतराचे वर्णन करताना परटाचा दाखला दिला आहे. पृथ्वीवरील कोणाही परटाला साधणार नाही अशी ती शुभ्रता होती. या उताऱ्यावर आम्ही किती वर्षे प्रवचने दिली असतील! पण एका मातेने आपल्या विवाहाचे वस्त्र कापून शिवलेली शुभ्रता आमच्या समोर आली, तेव्हा ती आम्हांला ओळखता आली नाही.

त्या संध्याकाळी दाखला घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्या माउलीची क्षमा मागितली. इतकी वर्षे इतरांचे पापनिवेदन ऐकत आलो असूनही हे चार शब्द आम्हांला जड गेले. ती म्हणाली, "फादर, मला वाईट वाटलं ते पोरीसाठी. ती फलकाजवळून परत आली आणि विचारत होती, आई, माझा झगा खरंच पिवळा होता का?"

त्या तरुणाने चित्राची रॉ प्रत जपून ठेवली होती, म्हणून रंग पुन्हा ठरवता आला. नवे छायाचित्र आम्ही फलकावर त्याच जागी लावले आणि रविवारच्या सूचनांच्या वेळी झाला प्रकार आमच्या चुकीसह सर्वांना सांगितला. वेदीवरील दिवे आता एकाच जातीचे बसवले आहेत. विधीपूर्वी तो तरुण वेदीपाशी एक करडे कार्ड धरून त्यावरून कॅमेऱ्याचा रंग पक्का करतो आणि मिस्सा संपेपर्यंत बदलत नाही.

मुलगी आपल्या मैत्रिणींना घेऊन फलकापाशी आली होती. तिने बोट ठेवून चित्र दाखवले आणि म्हणाली, "हा माझ्या आईच्या लग्नातला झगा." आम्ही मागेच उभे होतो. या वेळी मागून कोणी काही म्हणाले नाही.