अळणी भाजीचा उपदेश

आई-वडिलांचे उपदेश जपून ठेवावेत असं सगळेच म्हणतात. पण उपदेश म्हणून केलेला उपदेश फार थोड्यांच्या लक्षात राहतो. खरं बोल, उधळपट्टी करू नकोस, मोठ्यांचा मान राख ही वाक्यं घरोघरी इतकी सारखी असतात, की त्यांतलं कुठलं कोणाच्या आईचं हे ओळखूही येऊ नये. टिकतो तो प्रसंग. त्यातून शिकवण काढतं ते मूल, तेही बहुधा पुष्कळ वर्षांनी आणि आई-वडिलांनी कधी न वापरलेल्या शब्दांत. त्यामुळे ज्याला आपण त्यांचा वारसा म्हणतो, त्यात मुलांचा हात त्यांच्याइतकाच असतो.

याला मराठीतला पहिला साक्षीदार अर्थातच ‘श्यामची आई’, साने गुरुजींनी श्याम या नावाने सांगितलेली स्वतःच्या आईची गोष्ट. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. पुस्तक त्यांनी लिहिलं १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. मधल्या काळात मुलगा शिक्षक झाला, चळवळीत पडला, गजाआड गेला. ४२ रात्रींच्या त्या कथनात आई बोलते पुष्कळ, पण मला त्यातली सर्वांत भारी रात्र वाटते ती अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील मिठाबद्दल अक्षर न काढता जेवतात, मुलंही त्यांच्याकडे बघून गप्प बसतात, आणि स्वतः जेवायला बसल्यावरच आईला चूक कळते. वडिलांनी तिथे काहीही शिकवलेलं नाही. करणाऱ्याच्या कष्टाची कदर करावी, हा अर्थ त्या मिठावाचून गेलेल्या जेवणाला दिला तो श्यामने.

यावर कोणी म्हणेल, मग ही आई खरी कशावरून? तुरुंगातल्या मुलाने आठवणीत उजळून काढलेली मूर्तीच ती. मूर्ती काही अंशी आहेच, आणि पुस्तक रडवतं ही तक्रारही खोटी नाही. पण निव्वळ मूर्तीच घडवायची असती, तर पोहायला जात नाही म्हणून पोराला शिंपटीने झोडपणारी आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ बघून कळवळणारी आई त्यात कशाला आली असती? अर्थ मुलाचा असला तरी वळ त्याने कल्पनेने उठवलेले नाहीत. माझा भरवसा आहे तो प्रसंगाच्या अशा खडबडीतपणावर. गुळगुळीत आठवण मात्र संशयानेच ऐकावी.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. आई-वडील चांगलंच देतात असं थोडंच आहे? जात, विटाळ, मुलीने मान खाली घालून वागणं हेही त्यांच्याकडूनच येतं. याचं उत्तर त्याच दशकात, १९३४ ते १९३६ या काळात, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी देऊन ठेवलं आहे. सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला जेरीस आणणारे वडील त्यांनी लपवलेले नाहीत, की त्यांच्यावर दात-ओठही खाल्लेले नाहीत. त्या चक्क हसतात, आणि वाचणाऱ्यालाही हसवतात. त्याच घरची ही मुलगी पुढे नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झाली. तीही लगेच नव्हे, मनातलं सोवळं एकेक पदर सोडत, १९०० साली. वडिलांची आठवण पुरी ठेवली, त्यांची शिस्त टाकली. आठवणं म्हणजे पाळणं, असा कायदा कोणी केलेला नाही.

हल्ली मुलं म्हाताऱ्या आई-वडिलांसमोर मोबाइल धरतात आणि विचारतात, ‘आम्हाला काय सांगाल?’ प्रश्नच चुकला. समोरचा माणूस लगेच सावरून बसतो आणि कॅलेंडरच्या पाठीवर शोभतील अशी वाक्यं बोलू लागतो. त्यापेक्षा १९७२च्या दुष्काळाचं विचारावं. दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण कोण जायचं, लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली कशी उतरायची, कामावर मिळालेल्या सुकडीचा वाटा घरी आल्यावर आधी कोणाच्या हातात पडायचा. मग आई एक सांगते, वडील म्हणतात तसं नव्हतंच, आणि वाटा कोणी कोणाला सोडला यावरून दोघांची जुंपते. रेकॉर्डिंग तेव्हा बंद करू नये.