बार्शी लाईट

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत दुधनी हे गाव आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचला, तो याच गावावरून. आज तेथून विजेवर चालणाऱ्या गाड्या धावतात. परंतु १९६१ साली त्या मार्गावर वाफेच्या इंजिनांचे राज्य होते. गावातील एका बारा वर्षांच्या मुलाला तर त्या इंजिनांचे वेडच लागले होते. मद्रास मेल न थांबता धडधडत निघून गेली, की तिचा धूर विरेपर्यंत तो फलाटाच्या टोकाशी उभा राही. मेलमागून येणारी मालगाडी किती डब्यांची होती, हे गावात त्याच्याइतके अचूक दुसरे कोणी सांगू शकत नसे.

या मुलाचे वडील अडत दुकानात हमाली करीत. दोन वर्षांपूर्वी पोते उचलताना त्यांच्या कमरेला इजा झाली आणि जड काम कायमचे सुटले. तेव्हा थोरल्या मुलाने, अण्णाने, शाळा सोडली आणि वडिलांच्या जागी पोती वाहावयास सुरुवात केली. त्या वेळी तो चौदा वर्षांचा होता. धाकटा वर्गात पहिला येई. म्हणून त्याने शिकावे असे घरात ठरले होते. त्याला कोणी काम सांगत नसे. त्यालाही त्यात काही वावगे वाटत नसे.

त्या वर्षी मार्गशीर्षात, तुरीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, अण्णाला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. आजीचा पंढरीचा नवस राहिला होता. कार्तिकीची गर्दीही आता ओसरली होती. आजी, अण्णा आणि धाकटा अशी तिघे रात्रीच्या पॅसेंजरने निघाली. सोलापूर मागे पडले आणि पहाटे ती कुर्डुवाडीला उतरली. येथे मोठी गाडी सोडून पंढरपूरच्या छोट्या गाडीत बसावयाचे होते. लोक तिला ‘बार्शी लाईट’ म्हणत.

धाकट्याने आपले बोट दाखवीत म्हटले, “अण्णा, हीच का ती? ही तर जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते!”

मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. या गाडीच्या रुळांत ते केवळ अडीच फूट होते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या त्या दोन गाड्या पाहून, बैलाशेजारी वासरू उभे असावे असे वाटत होते. इंजिन मात्र खरेखुरे होते. त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता, पोटाखालून वाफेचे फूत्कार येत होते आणि थंडीच्या त्या पहाटे ती वाफ पांढऱ्याशुभ्र कापसासारखी फलाटावर पसरत होती. आजीला आणि गाठोड्याला अण्णाच्या स्वाधीन करून धाकटा इंजिनाकडे धावला.

इंजिन पाणी घेत होते. काळवंडलेल्या निळ्या सदऱ्यातील वयस्क ड्रायव्हर हातात तेलाची झारी घेऊन दांड्यांच्या सांध्यांत तेल सोडीत होता. मुलगा बराच वेळ तेथून हलत नाही, हे पाहून तो म्हणाला, “काय रे बाळ, इंजिन विकत घ्यायचंय का?”

मुलगा लाजला, पण त्याने धीर करून विचारले, “काका, हे इंजिन एवढंसं. मग एवढे डबे ओढतं कसं?”

“आत भट्टी आहे. तिच्या उष्णतेनं बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते. वाफेला कोंडून ठेवलं की ती वाट शोधते. आपण तिला या नळकांड्यात सोडायची. ती आतला दट्ट्या पुढे ढकलते, मागे ढकलते. दट्ट्याला दांडा आणि दांड्याला चाक. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तोच आपला झुकझुक आवाज. जाता जाता ती भट्टीतला धूरही ओढून नेते, म्हणून नवी हवा आत शिरून विस्तव फुलतो. गाडी जितकी जोरात पळेल, तितकी भट्टी आपोआप पेटते.”

“मग दट्ट्या सगळ्या चाकांना ढकलतो?”

ड्रायव्हर हसला. “आता नीट विचारलंस. या बाजूची मोठी चाकं मोज बघू.”

“चार.”

“दट्ट्याचा दांडा त्यांतल्या एकालाच जोडलेला आहे. पण हा दुसरा आडवा दांडा पाहा. तो चौघांना धरून आहे. एकाला मिळालेला जोर तो चौघांत वाटून देतो. एकट्या चाकानं सगळा भार ओढायचा म्हटलं, तर ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि रुळावरून घसरतं. गाडी तसूभर पुढे सरकत नाही.”

इतक्यात पाण्याचा नळ बंद झाला. “जा, जागा धर,” असे म्हणून ड्रायव्हर इंजिनावर चढला.

ड्रायव्हरने सांगितलेली गोष्ट त्या इंजिनापुरतीच नव्हती. ती सारी रेल्वेच तशा विचारातून जन्मली होती. बार्शी हे कापसाच्या व्यापाराचे मोठे गाव. परंतु मुंबईकडे जाणारा लोहमार्ग त्या गावापासून वीसएक मैल दूर राहिला. माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज अभियंता १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेत नोकरीस आला होता. बार्शीला रेल्वे न्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. मोठा मार्ग बांधण्याइतका पैसा मिळणे कठीण होते. तेव्हा त्याने लहान गाडीचा आराखडा केला आणि एक नियम घालून घेतला. इंजिन असो, उतारूंचा डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. अधिक माल न्यावयाचा असेल तर आसांची संख्या वाढवावी. पण एकाच आसावर ओझे लादू नये. भार असा सारखा वाटला गेल्यामुळे रूळ हलके चालले, खर्च थोडका आला आणि अरुंद गाडीतूनही भरपूर माल जाऊ लागला. १८९७ साली बार्शीची पहिली गाडी धावली. पुढे हा मार्ग एका बाजूने लातूरला आणि दुसऱ्या बाजूने पंढरपूरवरून मिरजेला पोहोचला. कंपनीची ही रेल्वे १९५४ साली सरकारने विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाले आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

धाकटा परत आला तेव्हा अण्णा डब्याशेजारी गाठोडे खांद्यावर घेऊन उभा होता आणि पलीकडच्या फलाटाकडे एकटक पाहत होता. मोठ्या गाडीचे डबे छोट्या रुळांवर जाऊ शकत नसत; म्हणून कुर्डुवाडीला सारा माल एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागे. हमालांची एक रांग मोठ्या वाघिणीतून पोती काढून लहान वाघिणीत टाकीत होती. एक जण खाली वाकला, की त्याच्याबरोबर अण्णाचाही खांदा नकळत झुकत होता.

शिट्टी झाली. गचका देऊन गाडी हलली. लाकडी बाकांवर माणसे दाटीवाटीने बसली होती. कोणी मराठी बोलत होते, कोणी कानडी. आजी तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलत होती. “विठोबाला दोन्ही कळतात,” असे तिचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेते पसरली होती. गाडी इतकी सावकाश चालली होती, की राखणीच्या मचाणावरील पोरांशी उतारूंचे बोलणे पुरे होत होते. बार्शी लाईटमधून उतरावे, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा तिच्यातच चढावे, अशी थट्टा लोक करीत, ती काही उगीच नव्हे. चढ लागला, की इंजिनाचा श्वास जड होई. झुकझुक थांबत थांबत येई. आता गाडी थांबणार असे वाटे, पण ती थांबत नसे. अशा वेळी धाकटा खिडकीतून वाकून वळणावर दिसणारी ती चार चाके पाही. आडवा दांडा खालीवर होत होता आणि चारही चाके एका लयीत फिरत होती.

मोडनिंब गेले. उन्हे चढली. अण्णाने अंगावरची घोंगडी काढून आजीच्या पाठीशी उशी केली. सदऱ्याची कड सरकली आणि त्याच्या मानेजवळचा खांदा उघडा पडला. तेथे कातडे जाड, काळे, खडबडीत झाले होते. पोत्यांनी पडलेला तो घट्टा धाकट्याने पूर्वीही पाहिला असेल. परंतु आज तो त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“दुखतं का रे?” त्याने हळूच विचारले.

“आता नाही. पहिल्या वर्षी दुखायचं,” अण्णा म्हणाला आणि त्याने सदरा सारखा केला.

आष्टी मागे पडली. थोड्या वेळाने गाडी भीमेच्या पुलावर आली. डब्यात एकच गजर उठला. आजीने पदर पुढे घेऊन हात जोडले. गाणगापूरच्या संगमावर ही भीमा मुलांनी पाहिली होती. “हेच पाणी पुढे आपल्याकडे येतं,” आजी म्हणाली. “इथं तिला चंद्रभागा म्हणतात.”

स्नान झाले, दर्शन झाले. आजीने विठोबाजवळ काय मागितले, ते तिने सांगितले नाही. अण्णाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “काही नाही. आबांची कंबर बरी होऊ दे म्हटलं.” धाकट्याने वार्षिक परीक्षेत पहिला नंबर मागितला होता. तो गप्प राहिला.

परतीच्या गाडीत आजीने भुईमुगाच्या शेंगांचा पुडा सोडला. शेंगा संपल्या आणि तो कागद आजी बाहेर टाकणार, तोच अण्णाने तो घेतला. कुठल्याशा जुन्या पुस्तकाचे ते फाटके पान होते. अण्णाने ते मांडीवर ठेवून हाताने सपाट केले आणि वाचावयास सुरुवात केली. पहिली बाजू संपली; त्याने पान उलटले. दुसरीही संपली, तेव्हा तो पुन्हा पहिल्या बाजूकडे वळला. बाहेर अंधारू लागले तसा तो कागद खिडकीकडे नेऊ लागला. शेवटी अक्षरे दिसेनाशी झाली. मग त्याने कागदाची नीट घडी घालून ती खिशात ठेवली.

धाकटा हे सर्व पाहत होता. त्याच्या दप्तरात सात पुस्तके होती. त्यांपैकी एकही त्याने अण्णाला कधी दिले नव्हते. अण्णाला वाचण्याची आवड होती, हे तो विसरूनच गेला होता. अण्णा पहाटे उठून विहिरीचे पाणी भरी, सरपण फोडी, आबांची कंबर शेकी आणि मग दुकानी जाई. रात्री घरी येई तो अंथरुणावर पडण्यापुरताच. पुढे चढ लागला आणि इंजिन पुन्हा धापा टाकू लागले. त्या आवाजाबरोबर ड्रायव्हरचे शब्द मुलाच्या मनात घोळत राहिले.

कुर्डुवाडीला उतरताना अण्णाने सवयीने गाठोड्याकडे हात नेला. गाठोडे जागेवर नव्हते. ते धाकट्याच्या डोक्यावर होते.

“अरे, जड आहे ते. आण इकडं.”

“राहू दे. मला पेलतं,” धाकटा म्हणाला. ते त्याला फारसे पेलत नव्हते. मान अवघडली होती. तरी मोठ्या गाडीच्या फलाटापर्यंत त्याने ते खाली ठेवले नाही.

दुधनीला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा नेहमीप्रमाणे उठला, तेव्हा घागरी दिसल्या नाहीत. तो अंगणात आला. धाकटा विहिरीकडून येत होता. एक घागर खांद्यावर, एक हातात, आणि अर्धे पाणी सदऱ्यावर सांडलेले.

“हे काय चालवलंयस? तुझा अभ्यास आहे ना?”

“अभ्यास आहेच. पाणी मी भरीन, सरपणही मी बघीन. तू रात्री लवकर जेव आणि माझ्याबरोबर कंदिलाशी बस.” मग जरा थांबून तो म्हणाला, “मला गणित येतं, पण निबंध येत नाही. तुला येत होता.”

अण्णाने काही उत्तर दिले नाही. त्याने धाकट्याच्या खांद्यावरची घागर उतरून घेतली. पण दुसरीकडे त्याने हात नेला नाही. ती त्याच्याच हातात राहू दिली.

त्या रात्री कंदिलाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ बसले. दूर फलाटावरून मेल धडधडत गेली. धाकट्याने मान वर करून कान दिला. पण तो उठला नाही. अण्णाने खिशातील घडी घातलेले पान काढून पुस्तकात खुणेसाठी ठेवले आणि वाचावयास आरंभ केला. पुढे काही वर्षांनी तो बाहेरून एस. एस. सी. च्या परीक्षेस बसला, तेव्हा त्याच्या पुस्तकात खुणेसाठी तेच पान होते.