न झालेल्या कुस्त्या

नागपंचमी जवळ आली की बूढापाऱ्यातील आमच्या ओसरीवर एक कुस्ती हमखास लागते. एका बाजूला गामा, दुसऱ्या बाजूला खाशाबा जाधव. दोघेही आज हयात नाहीत. गामा १९६० साली गेला, खाशाबा १९८४ साली. जिवंतपणी ते एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत. पण ओसरीवरच्या आखाड्याला असल्या अडचणी येत नाहीत.

गामाची बाजू घेणारे गृहस्थ शेजारचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे रायपूरकर. तरुणपणी त्यांनी भरपूर जोर-बैठका मारलेल्या. आता मात्र ओसरीची तीन पायठणे चढून आले की घटकाभर दम खातात. खाशाबांची बाजू माझ्या सासऱ्यांची. अण्णा कऱ्हाडकडचे. श्रावणात ते आमच्याकडे येतात, आणि येताना मुलीसाठी शेंगदाण्याची चटणी व शेजाऱ्यासाठी नवे मुद्दे घेऊन येतात. पंचाचे काम माझ्याकडे. कुस्तीतले मला काही कळत नाही, आणि सरकारी नोकराला निकाल न देता बैठक पार पाडता येते, ही माझी पात्रता.

"सत्तावन्न किलोचा तुमचा पहिलवान," शेजारी म्हणतात, "गामा त्याला काखेत मारून बूढा तालाबाला एक चक्कर घालील!"

"घालील ना," अण्णा शांतपणे म्हणतात, "पण आधी गामाला गादीवर आणा, घड्याळ लावा आणि गुण मोजा. मग पाहू."

येथून पुढे चहा दोनदा होतो आणि कुस्ती दुसऱ्या दिवसावर जाते.

हा छंद काही आपल्या ओसऱ्यांपुरताच नाही. अमेरिकेत तर त्यासाठी गणकयंत्र कामाला लावले होते. रॉकी मार्सियानो हा मुष्टियोद्धा १९५६ साली एकोणपन्नास लढती जिंकून अपराजित निवृत्त झाला; महंमद अली त्याच्या मागून आला. दोघांत श्रेष्ठ कोण? १९६९ साली दोघांना रिंगणात उतरवून खोट्या लढतीचे चित्रीकरण केले, शेवट निरनिराळे घेतले, आणि निकाल यंत्रावर सोपविला. २० जानेवारी १९७० रोजी तो चित्रपट दाखविण्यात आला. यंत्राने मार्सियानोला विजयी केले होते. पण आदल्या ऑगस्टच्या अखेरीस मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. ज्याच्यासाठी निकाल लावला, त्याला तो कळलाच नाही.

मला या गोष्टीत यंत्राच्या हुशारीपेक्षा माणसाची भाबडी हौस अधिक दिसते. आपण पाहिलेला मल्ल सर्वांत मोठा ठरावा, म्हणजे आपला काळही मोठा ठरेल, अशी ती हौस. अण्णा १९५२ साली सात वर्षांचे होते. हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली. आज गामाने खाशाबांना चीत केले, तर पाठीला माती लागेल ती खाशाबांच्या नव्हे, त्या सात वर्षांच्या मुलाच्या! शेजाऱ्यांचेही तसेच. त्यांचा गामा त्यांच्या वडिलांनी सांगितलेला आहे, आणि वडिलांनी सांगितलेल्या मल्लाला हरविणे कोणाला शक्य आहे?

दोन काळ एकमेकांशी भिडतात तरी कशावर, हा प्रश्न मला एका संध्याकाळी सप्रे शाळेच्या मैदानावरून तळ्याकडे जाताना पडला. लंडनमध्ये १९१० साली गामा पोलंडच्या झिबिस्कोशी लढला. झिबिस्को गादीला पोट चिकटवून पडून राहिला. अडीच तास गामा त्याला उलटविण्याची खटपट करीत होता. कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळाला तेच दोघे पुन्हा भिडले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. या वेळी खाली आखाड्याची माती होती, आणि कुस्ती एका मिनिटाच्या आत निकाली झाली. मल्ल तेच, एकदा अडीच तास पुरले नाहीत, एकदा एक मिनिट जास्त झाले. अठरा वर्षांनी दोघांचे काय केले असेल ते असो. पण पायाखालच्या जमिनीला हिशेबातून वगळून कोणाचे मोठेपण मोजायचे?

आणि मग ध्यानात आले की अण्णा नि शेजारी ज्या कुस्तीसाठी भांडतात, तशी एक कुस्ती खरोखर झालेली आहे. ती खाशाबांच्या एकट्याच्या अंगात झाली. गोळेश्वरच्या तांबड्या मातीत वडिलांच्या हाताखाली घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला, तेव्हा पायांखाली प्रथमच गादी आली. नियम परके, गुणांची पद्धत परकी. तरी तो सहावा आला. पुढल्या चार वर्षांत त्याने जुनी ढाक न टाकता नवी जमीन आपलीशी केली. हेलसिंकीला जाण्यासाठी गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे गहाणखतावर आले.

पण हेलसिंकीची हकिगत एवढ्यावर संपत नाही. जपानच्या इशीशी खाशाबांची दीर्घ, दमछाक करणारी कुस्ती झाली, आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो नियम पंचांसमोर मांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य.

अण्णा हे सांगताना नेहमी हळहळतात. मी मात्र त्या वेळी मान खाली घालून पानाचा डबा उघडतो. त्याचे कारण त्यांना ठाऊक नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी नेमणुकीवर असताना, कचेरी सुटल्यावर पाच-दहा मिनिटांनी एक पोरगा दारात येऊन उभा राहिला. अंग काटक, कान आखाड्यात चुरगळलेले. कुठल्याशा निवड-चाचणीसाठी त्याला एका कागदावर माझी सही हवी होती. गाडी रात्रीची होती. मी फायली बांधून ठेवल्या होत्या, पेनाला टोपण लावले होते. "उद्या या," मी म्हणालो. नियम माझ्या बाजूला होता. त्याने वाद घातला नाही. वाकून नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. येणार तरी कशाला?

माझ्या खुर्चीमागे एक लाकडी फळा आहे. त्यावर पूर्वीच्या अधिकाऱ्यांची नावे आणि साले रंगविलेली आहेत. आमचे जुने बाबू त्यांच्याशी माझी कुस्ती रोज लावतात: "अमुक साहेबांच्या वेळी असे नव्हते." पूर्वी ते मला लागे. आता वाटते, त्या फळ्यावरच्यांची जमीन वेगळी, माझी वेगळी. ती कुस्ती लावण्यात अर्थ नाही. माझी कुस्ती त्या संध्याकाळी होती, आणि मी मैदानात उतरलोच नाही.

यंदाही नागपंचमीच्या आदल्या दिवशी गामा आणि खाशाबा दिवेलागणीपर्यंत झुंजले. शेवटी दोघेही वृद्ध माझ्याकडे वळले. "बोला जावईबापू, निकाल काय?"

"बरोबरीत सोडविली," मी म्हणालो.

दोघेही माझ्यावर रागावले, आणि मग एकमेकांचा हात धरून तळ्याकडे फिरायला निघून गेले. मी ओसरीवर एकटाच त्या पोराचे नाव आठवीत बसलो. नाव काही केल्या आठवले नाही.