मेनूत सगळं आहे, चिंच सोडून

गेल्या महिन्यात लातूरच्या ट्यूशन एरियात आणि मग नांदेडला चार-पाच कॅफे पालथे घातले. कोल्ड कॉफी, ब्राउनी, ब्ल्यू मोजिटो, पेरीपेरी फ्राईज. चव? बरी. नीटच्या पोरापोरींना दोन घटका बसायला जागा झाली, हे चांगलंच. पण मेनू पुण्याचा की लातूरचा, काही कळंना.

आता बघा. 2024 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन गोष्टींना जीआय मानांकन मिळालं. पानचिंचोलीची पटडी चिंच, बोरसुरीची तूरडाळ, कास्ती कोथिंबीर. शेजारच्या कुंथलगिरीचा खवाही त्याच यादीत. अभिनंदनाच्या पोस्टी आपण सगळ्यांनी फिरवल्या. पुढं?

मोजिटोचं सिरप बाटलीतून येतं. पटडी चिंच, गूळ, जिरेपूड, सैंधव. एका ग्लासाला खर्च तो किती? एका कॅफेवाल्याला विचारलं. म्हणाला, "काका, चिंच घरोघरी आहे, पोरं पैसे कशाला देतील?" अगदीच चूक नाही त्याचं. (खव्याची कुल्फी तरी ठेव, म्हणलं. हसला नुसता.)

पण जीआय म्हणजे आपोआप भाव नव्हे. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि गिऱ्हाईकानं नाव घेऊन मागितलं तरच चार पैसे जास्त पडतात. निलंगा तालुक्यातली चिंच इथल्याच कॅफेत कुणी मागत नसेल, तर मुंबईत कोण मागणार?

सरकारी बैठकांपासून सुरू करा ना. थंडपेयाच्या बाटल्यांऐवजी चिंचेचं सरबत द्या. आणि लातूर-नांदेडात कुणी आधीच विकत असेल, तर कमेंटमध्ये पत्ता टाका. रविवारी येतो.