तारीख घातलेला दिवा

रायपूरच्या गोल बाजारात जन्मापासून अंत्यविधीपर्यंत लागणारे सारे काही मिळते, असे त्या शहरात म्हटले जाते. या पसाऱ्यात विजेच्या सामानाचा दुकानदार एक लहानसा विधी पार पाडत असतो. एलईडी बल्ब गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी तो पेटवून दाखवतो आणि मग जाड शाईच्या पेनाने त्याच्या अंगावर विक्रीची तारीख घालतो. खोक्यावर २५,००० तासांचे आश्वासन छापलेले असते. रोज पाच तासांच्या हिशेबाने ते साडेतेरा वर्षे पुरावे. मात्र छापील आणि हस्तलिखित या दोन पाठांपैकी प्रमाण कोणता, हे तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतील गृहिणीला कोणी सांगावे लागत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बल्ब गेला, तर कामाला येते ती हस्तलिखित तारीखच.

मराठीत देवापुढचा दिवा विझत नाही, तो शांत होतो. तारेचा बल्ब आला तेव्हा त्याच्यासाठी भाषेने ‘उडाला’ हे क्रियापद योजले, आणि ते यथार्थ होते. टंगस्टनची तार खरोखरच तुटत असे. बल्ब कानाशी धरून हलवला की तिची किणकिण ऐकू येई. घरातले पोरही ते निदान करू शके. एलईडी बल्ब मूकपणे जातो, फार तर आधी काही दिवस लुकलुकतो. ‘उडाला’ हा शब्द आपण त्यालाही लावतो, परंतु पुष्कळदा त्यात प्रकाश देणारे काही उडालेले नसते.

प्रकाश देतात त्या आतल्या पट्टीवरच्या पिवळ्या ठिपक्यांएवढ्या चिप्स. छापील तास मुख्यतः त्यांचे असतात, आणि तेही उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे. चिप्सची चाचणी सामान्यतः किमान ६,००० तास चालते. पुढचे आयुष्य गणिताने काढलेले असते. घरातल्या विजेला त्यांच्या जोगे रूप देणारा ड्रायव्हर बल्बच्या मानेत दडलेला असतो, आणि तासांच्या त्या आकड्यात त्याचा विचार क्वचितच असतो. त्यातल्या कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. तारेचा बल्ब आपली उष्णता प्रकाशाबरोबर बाहेर फेकत असे. एलईडीची उष्णता मागे, बल्बच्या देहातच उतरते. छताला उलटा टांगलेला, काचेच्या बंद गोलात कोंडलेला बल्ब आणि मे महिन्यातला रायपूरचा ४४-४५ अंशांचा पारा, एवढे एकत्र आले की खोक्यावरचे गणित कोलमडते. पावसाळ्यातले विजेचे झटके त्यात भर घालतात.

हे सारे कोणी मुद्दाम घडवून आणते, असा संशय येणे स्वाभाविक आहे, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. १९२४ साली जिनिव्हात फीबस नावाच्या संघटनेत एकत्र आलेल्या बल्ब उत्पादकांनी बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले होते, आणि जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सदस्याला दंड होत असे. आज अशा कटाची गरजच उरलेली नाही. ते काम किंमत करते. बल्ब स्वस्त करायचा तर उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियम कमी करावे लागते, चिप्स कमी बसवून त्यांतून अधिक प्रवाह न्यावा लागतो आणि कपॅसिटर हलक्या प्रतीचा घ्यावा लागतो. उलट वाटही अवघड नाही. दुबई नगरपालिकेच्या पुढाकाराने फिलिप्सने २०१६ साली अधिक चिप्स मंद प्रवाहावर चालवणारा दिवा काढला; तो कमी तापतो. विद्या ठाऊक आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

स्वस्ताईला मात्र सरसकट दोष देता येत नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ज्या घरात साठ वॅटच्या पिवळ्या उजेडाचे बिल जड जाई, तिथे नऊ वॅटमध्ये मुलांच्या वह्या उजळल्या. हा लाभ खरा आहे. पण वीजबिलात वाचलेले पैसे दर वर्षा-दीड वर्षाने नव्या बल्बवर खर्च व्हायचे असतील, तर त्याच घराच्या पदरी काय पडले, हे पुन्हा मोजायला हवे. पक्के बिल मागण्याचा संकोच बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाला तर हमीची मुदतही केवळ दुकानदाराच्या सौजन्यावर मिळते.

कित्येक गावांच्या बाजारांत या बल्बची दुरुस्ती करणारे कारागीर आता बसतात. वरचे प्लास्टिकचे टोपण उचकटले की चिप्सची पट्टी उघडी पडते, आणि अनेकदा एकाच पिवळ्या ठिपक्यावर बारीक काळा डाग दिसतो. चिप्स एका माळेत ओवलेल्या असतात, म्हणून एक जळाली की सारी माळ अंधारते. कारागीर त्या डागावर कथिलाचा थेंब टाकून वाट जोडतो, टोपण दाबून बसवतो आणि बल्ब पेटवून दाखवतो. तो लख्ख पेटतो. जळालेल्या चिपच्या वाट्याचा ताण तेवढा उरलेल्यांवर आणि ड्रायव्हरवर जातो.