भिंत, बॅटरी आणि बत्तीस इंच

"आरव्हीत टीव्ही हवाच कशाला?" आरव्हीबद्दलचा, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराबद्दलचा, हा प्रश्न मला फक्त मराठी माणसं विचारतात. ॲरिझोनातलं माझं अमेरिकन गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या थंडीला कंटाळून हिवाळ्यापुरती खाली उतरलेली निवृत्त मंडळी. ती थेट इंचांवर येतात. आपली माणसं आधी ग्रँड कॅन्यनचं, ताऱ्यांचं, शांततेचं बोलतात आणि निघताना हळूच विचारतात, "पण काय हो, भारताची मॅच दिसेल ना?" तिकडे दुपारी अडीचला सुरू होणारी वन-डे इथे रात्री दोनला लागते. शांतता तिथेच संपते. शिवाय पुण्याहून आलेल्या सासूबाई बरोबर असल्या, तर मालिकाही असते.

आरव्हींची विजेची कामं करणारा माणूस म्हणून इंच मी सगळ्यात शेवटी विचारतो. माझा पहिला प्रश्न, रात्री गाडी कुठे उभी करणार? कॅम्पग्राउंडवर तीस अँपिअरचा विजेचा खांब असेल तर ३६०० वॉट हाताशी आहेत. मग दुकानात आवडेल तो टीव्ही घ्या, मला विचारायचं कारण नाही. पण क्वार्टझसाइटच्या वाळवंटात, जिथे सरकारी जमिनीवर परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम ठोकता येतो, तिथे खांब नाही. तिथे बॅटरी आहे आणि रात्र मोठी आहे.

हिशेब असा. बत्तीस इंची एलईडी टीव्ही साधारण पस्तीस-चाळीस वॉट खातो, म्हणजे बारा व्होल्टवर तीन-सव्वातीन अँपिअर. चार तास बघितला तर बारा-तेरा अँपिअर-तास गेले. तोच टीव्ही इन्व्हर्टरवर चालवला, तर रूपांतरातली गळती आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरून आकडा अठरा-वीसपर्यंत जातो. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले पन्नासच वापरायचे असतात, त्यापुढे उतरलात की तिचं आयुष्य घटतं. तरीही टीव्ही एकटा परवडतो. पण वाळवंटातली जानेवारीची रात्र गोठणबिंदूच्या आसपास जाऊ शकते. मग गॅसची भट्टी लागते, आणि गॅस जाळणाऱ्या त्या भट्टीचा पंखा सात-आठ अँपिअर ओढतो. तो रात्रीत मिळून चार तास फिरला तर अठ्ठावीस ते बत्तीस गेले. बेरीज तुम्हीच करा. पहाटे कुडकुडत उठलेला माणूस भट्टीला शिव्या देतो, टीव्हीचं नाव कुणी काढत नाही.

म्हणून लोक बारा व्होल्टचा टीव्ही शोधतात. आरव्हीसाठी म्हणून विकला जाणारा असा टीव्ही त्याच आकाराच्या घरगुती टीव्हीपेक्षा सहसा महाग असतो. काही हुशार लोक घरगुती टीव्हीच्या ॲडॉप्टरवर बारा व्होल्ट लिहिलेलं वाचतात, वायर कापतात आणि सरळ बॅटरीला जोडतात. आता, बारा व्होल्टची बॅटरी बारावर क्वचितच असते. भरलेली, स्वस्थ बसलेली असेल तर साडेबाराच्या वर. चार्ज होताना चौदा-साडेचौदा. उतरत आली आणि भट्टी सुरू झाली की साडेअकराच्याही खाली. ॲडॉप्टर टीव्हीला नेमके बारा देत होता, टीव्हीला या चढउतारांची सवय नाही. व्होल्ट वर गेले की आतला भाग जळू शकतो, खाली गेले की पडदा मिटतो, आणि तोही नेमका शेवटच्या षटकात. जोडायचंच असेल तर मध्ये बारा व्होल्ट स्थिर ठेवणारा डीसी कन्व्हर्टर टाका आणि वायरला फ्यूज लावा. आरव्हीसाठीच बनवलेला टीव्ही घेत असाल, तर मागच्या पट्टीवर किती ते किती व्होल्ट चालतात ते वाचा. तिथे नुसते बारा लिहिले असतील, तर जादा पैसे कशाचे, हे दुकानदाराला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

माझं मत विचाराल तर एकच लेड बॅटरी असलेल्याने बारा व्होल्टचा घ्यावा. दोनशे अँपिअर-तासांची लिथियम आणि चांगला प्युअर साइन इन्व्हर्टर असेल, तर घरगुती टीव्ही घेऊन उरलेल्या पैशांत पेट्रोल भरावं.

इंचांवर भांडण होतं ते नवरा-बायकोत, माझ्याशी नाही. अलीकडच्या मोठ्या गाड्यांत टीव्हीखाली विजेची शेकोटी असते, नकली ज्वाळांची. खांबाला जोडल्याशिवाय ती सहसा गरम हवा देत नाही, पण तिच्यावर पन्नास इंची पडदा शोभतो म्हणून लोक तो घेतात आणि सहा फुटांवरून मान फिरवत बघतात. त्या अंतरावर बत्तीस इंच पुरतात. मला काळजी असते ती बसण्याच्या जागेची. आरव्हीत सोफा पुष्कळदा टीव्हीसमोर नसतो, बाजूला असतो. डायनेटवरचा, म्हणजे जेवणाच्या बाकावरचा, माणूस तिरका, बिछान्यातला खाली. दुकानात आपण टीव्ही समोरून बघतो आणि फसतो. व्हीए पॅनलचा काळा रंग देखणा असतो, पण बाजूने चेहरे फिकटतात. आयपीएसचा काळा तितका गडद नाही, तरी तिरक्या नजरेला तो इमान राखतो. छोट्या, स्वस्त टीव्हींत टीएन पॅनल निघालं तर खालून बघताना चित्र निगेटिव्हसारखं उलटं होतं. "काका, इथे दुकानात जमिनीवर बसून बघा," असं मी एकदा एका गृहस्थांना सांगितलं. ते लाजले. काकू बसल्या, आणि टीव्ही त्यांनीच निवडला.

मग भिंत. आरव्हीची भिंत बघायला लाकडी, पण आत पातळ प्लायवूड, फोम आणि लांब लांब अंतरावर ॲल्युमिनियमचा सांगाडा. कारखान्याने जिथे आत आधाराची पट्टी घातली असेल तिथेच ब्रॅकेट बसतं. ती जागा गाडी बनवणाऱ्याला विचारून घ्या. टीव्ही चार-पाच किलोचाच, पण ब्रॅकेटच्या बाहेर ओढलेल्या हातावर तो कच्च्या, लाटांसारख्या रस्त्यावर तासभर थरथरला की स्क्रू सैल होतात. प्रवासात कुलूप लागणारा हात घ्यावा, टीव्हीच्या मागची भोकं शंभर मिलिमीटरवर आहेत की दोनशेवर ते मोजावं, आणि निघताना एक पट्टा आवळावा. उन्हाळ्यात फीनिक्सला बंद करून ठेवलेली गाडी आतून किती तापते, ते सांगत नाही. टीव्हीच्या साठवणुकीची तापमानमर्यादा माहितीपत्रकात असते आणि ती बहुधा साठ अंश सेल्सिअसच्या आत असते.

अँटेना लावायचीच. स्थानिक बातम्या आणि वादळाचा इशारा फुकट मिळतो. गाव बदललं की चॅनल पुन्हा शोधायला लावा, आणि भिंतीवरच्या बूस्टरचं बटण चालू आहे ना ते बघा. चॅनल दिसत नाही म्हणून मला बोलावलं जातं, तेव्हा बऱ्याचदा ते बटण बंद असतं.

मॅच मात्र अँटेनावर येत नाही. ती इंटरनेटवरून येते, आणि रानात इंटरनेट म्हणजे हल्ली स्टारलिंकची डिश. नेहमीची डिश पंचाहत्तर ते शंभर वॉट घेते, छोटी 'मिनी' पंचवीस ते चाळीस. इतका वेळ टीव्हीच्या एकेका वॉटवर घासाघीस केलेली असते, आणि गिऱ्हाईक गाडीत चढता चढता विचारतं, "डिश रात्रभर चालूच ठेवली तर चालेल ना?" मग मी वही पुन्हा उघडतो.