आयलाबाई, ती तुम्हीच होतात ना?

प्रिय आयला फिशर,

आधी नावाचं सांगून टाकते. तुमचं नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नव्हतं, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण आमच्याकडे 'आयला' हा शब्द पायाला ठेच लागली, डोळ्यांसमोरून बस निघून गेली किंवा सचिनने षटकार मारला की तोंडातून निघतो, आणि आई समोर असेल तर अर्धा गिळावा लागतो. म्हणून या पत्रात मी तुम्हाला आयलाबाई म्हणणार आहे. 'बाई' लावलं की आमच्याकडे बरंच काही खपतं.

पत्राचं कारण म्हणजे एक कबुली. 'नॉक्टर्नल अ‍ॅनिमल्स' हा २०१६चा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो घरी, आईबरोबर. उद्याच्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल घेऊन ती टीव्हीसमोर बसली होती. सोललेले वाल पातेल्यात, सालं वर्तमानपत्रावर. पडद्यावर एमी अ‍ॅडम्स, म्हणजे सुझन, आपल्या काचेच्या थंडगार घरात पूर्वीच्या नवऱ्याने पाठवलेली कादंबरी वाचायला घेते. कादंबरी सुरू झाल्यावर एक कुटुंब गाडीतून रात्रीचं निघतं. नवरा, लाल केसांची बायको, वयात आलेली मुलगी. आई म्हणाली, "ही मघाचीच का गं?"

"हो गं, डबल रोल आहे," मी म्हणाले. अगदी ठासून.

ती मघाची नव्हती. तुम्ही होतात.

माझ्या बाजूने एवढंच सांगते की मला फसायला जागा होती. जेक जिलनहालचा त्या चित्रपटात खरोखरच डबल रोल आहे. सुझनचा पहिला नवरा एडवर्डही तोच आणि एडवर्डने लिहिलेल्या कादंबरीतला टोनीही तोच. नवरा डबल म्हणजे बायकोही डबल, असा सरळ हिशेब मी केला. शिवाय आमची नजरच तशी तयार झालेली. 'राम और श्याम' आणि 'सीता और गीता' बघत मोठे झालेले आम्ही; एका चेहऱ्याची दोन माणसं आम्हाला लगेच कळतात. एक भांग मधोमध पाडतो, दुसरा बाजूला, संपलं. दोन चेहऱ्यांची एकच बाई असू शकते, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीत सुझनपुढे एक नाव आणि कादंबरीतल्या बायकोपुढे, म्हणजे लॉरापुढे, दुसरं दिसलं, तेव्हा मी रिमोट घेऊन मागे गेले. तुमच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं. नाक वेगळं, ओठांची ठेवण वेगळी, डोळ्यांतली बेरकी चमक तर पूर्णच वेगळी. मग इतका वेळ मी काय बघत होते? केसांचा रंग. आणि गंमत म्हणजे एमीचा तो रंग मुळातला नाहीच, रंगवलेला आहे. म्हणजे मला चकवलं ते एका बाटलीने.

तुम्हाला हे नवं नाही, मला माहीत आहे. तुम्हीच टीव्हीवर सांगितलं होतंत की नाताळच्या कौटुंबिक कार्डावर तुम्ही स्वतःच्या जागी एमीचा चेहरा चिकटवून पाठवलात आणि मित्रमंडळींपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. तो किस्सा ऐकून मी हसले आणि मग जरा गप्प झाले. अनोळखी प्रेक्षकांची गोष्ट निराळी, पण ती कार्डं तर ओळखीच्यांच्या घरी गेली होती. बरं, तुमच्या दोघींमधले योगायोगही कुणी मुद्दाम रचल्यासारखे आहेत. तुमचा जन्म मस्कतचा, एमीचा इटलीतल्या विचेन्झाचा. दोघी आपापल्या देशाबाहेर जन्मलेल्या. आणि ज्या साशा बॅरन कोहेनशी पुढे तुमचं लग्न झालं, त्यांच्याबरोबर एमीने २००६ साली 'टॅलाडेगा नाइट्स'मध्ये काम केलं, तेही सुझन नावाच्या बाईचं! हे कळल्यावर मी तोंडावर हात ठेवला, कारण जो शब्द येत होता तो तुमचंच नाव होतं.

पण हे सगळं चहाच्या टेबलावरचं झालं. मला लिहायचंय ते दिग्दर्शक टॉम फोर्डने या घोटाळ्याचं काय केलं त्याबद्दल.

ज्या कादंबरीवरून त्याने चित्रपट केला, ती ऑस्टिन राइट यांची 'टोनी अँड सुझन', १९९३ची. राइट सिनसिनाटीच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक, आणि पुस्तक आलं तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांची सुझन चित्रपटातल्यासारखी कलादालनवाली श्रीमंत बाई नव्हे. ती घर, मुलं आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा नवरा सांभाळून थोडंफार इंग्रजी शिकवते. तिला पाठवलेल्या हस्तलिखितात टोनी हेस्टिंग्ज हा गणिताचा प्राध्यापक बायको-मुलीला घेऊन रात्री पेनसिल्व्हेनियातून गाडी हाकत असतो, आणि रस्त्यावरचे तीन गुंड त्यांना अडवतात. पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांची झोप मी का उडवू?

हे थरारक आहेच, पण पुस्तकाचा खरा जीव वाचण्यात आहे. सुझन दोन-चार प्रकरणं वाचते, पानं खाली ठेवते, स्वयंपाकघरात जाऊन येते, जुन्या संसाराचं काही आठवतं, परत पानं उचलते. गुंडांची भीती आणि आठवणींची टोचणी एकमेकांत मिसळत जातात. कागदावर हे सोपं, कारण वाचणाऱ्या सुझनला वाचणारे आपणही वाचतच असतो. पडद्यावर? चष्मा लावून कागद उलटणारी बाई किती वेळ बघायची? आमची आई तेवढ्यात दोन वेळा उठून दाराची कडी बघून आली.

थरारकथा पडद्यावर आणताना सगळ्यात मोठी अडचण चेहऱ्याचीच असते, असं मला हल्ली वाटू लागलंय. कादंबरीला चेहरे नसतात. आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय माझ्या आजोबांना एक दिसे, मामाला दुसरा, आणि दोघांच्याही धनंजयला कुणी आव्हान देऊ शकत नसे. पडद्याला ती चैन नाही. आयरा लेविनच्या 'अ किस बिफोर डाइंग'चंच बघा. १९५३ची कादंबरी. पहिल्या भागात खुनी आपल्यासमोर असतो, त्याचं डोकं कसं चालतं ते आपल्याला कळत असतं, पण त्याला लेखक नावच देत नाही. तो नुसता 'तो'. दुसऱ्या भागात नावं असलेले तरुण भेटतात आणि यातला 'तो' कोण, हे ओळखता ओळखता आपला घाम निघतो. सबंध इमारत एका सर्वनामावर उभी. कॅमेरा सुरू झाला की ती कोसळलीच, कारण सर्वनामाचा फोटो निघत नाही. १९५६च्या चित्रपटात रॉबर्ट वॅग्नर पहिल्यापासून दिसतो. त्याच कथेच्या आधाराने १९९३ साली आमच्याकडे 'बाजीगर' झाला. अब्बास-मस्तान यांनी चेहरा लपवण्याच्या भानगडीत न पडता उलट शाहरुख खानचाच चेहरा गिऱ्हाइकापुढे मांडला आणि 'का' हा प्रश्न शेवटासाठी राखून ठेवला. दुकान जोरात चाललं. लेविनचं ते सर्वनाम तेवढं हरवलं.

तुमचा चित्रपट अमेरिकेत लागला त्याच्या जवळपास दीड महिना आधी 'द गर्ल ऑन द ट्रेन' लागला होता. पॉला हॉकिन्सच्या कादंबरीतलं लंडन चित्रपटात न्यूयॉर्क झालं, यावर बरीच ओरड झाली. (परिणीती चोप्राच्या हिंदी चित्रपटाने २०२१ साली गोष्ट लंडनला परत नेली, पण त्याने तिचं भलं झालं असं मला वाटत नाही.) शहरापेक्षा अवघड काम वेगळंच होतं. त्या गोष्टीतली रेचेल दारूच्या नशेत एका सोनेरी केसांच्या बाईला दुसरी समजते, आणि सगळं रहस्य त्या एका चुकीत अडकलेलं आहे. म्हणजे त्या दोघी रेचेलला सारख्या दिसायला हव्यात आणि तिकीट काढून बसलेल्या, शुद्धीवरच्या प्रेक्षकाला वेगळ्या. दिग्दर्शकाने वेगळ्या दाखवल्या. मग रेचेलची चूक आपल्याला नुसती सांगितली जाते, आपली होत नाही.

फोर्डने आपली केली, आयलाबाई. म्हणजे माझी केली.

त्याने गोष्ट पेनसिल्व्हेनियातून उचलून पश्चिम टेक्सासच्या उजाड रस्त्यावर नेली, पुस्तकातल्या मुलीचं, हेलनचं, नाव इंडिया ठेवलं (इथे आईने वालातून मान वर केली), आणि लॉराच्या जागी तुम्हाला बसवलं. एडवर्डने सुझनला वाचायला दिलेल्या गोष्टीतली बायको सुझनसारखी दिसते, पण सुझन नाही. यात मला जे दिसतं ते असं: वाचताना टोनीच्या जागी सुझनला आपला पूर्वीचा नवरा अगदी स्वच्छ दिसतो. त्याला ती ओळखते, कारण त्याचं दुःख बघायला तिची ना नाही. पण गाडीतून ओढून नेली जाणारी, किंचाळणारी बायको? तिथे तिचं मन स्वतःचा चेहरा द्यायला कचरतं. पूर्ण नाकारताही येत नाही, कारण पुस्तक अर्पणच तिला केलंय. मग ती एक जवळपासचा चेहरा देते. केस आपले, नाक दुसऱ्याचं.

तो जवळपासचा चेहरा म्हणजे तुम्ही. त्यासाठी तुमच्याहून मोठी किंवा तुमच्याहून गुणी नटी चालली नसती. तुम्हीच हव्या होतात, आणि तुम्हाला आयुष्यभर चिकटलेल्या त्या वैतागासकट. एरवी हे साम्य नाताळच्या कार्डावरचा विनोद आहे. या चित्रपटात तेच साम्य एका बाईचा अपराधीपणा दाखवतं, तोंडाने अवाक्षर न काढता. लाल सोफ्यावर ठेवलेल्या तुमच्या देहाचं ते भयंकर दृश्य मी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की भूतकाळातल्या प्रसंगात तरुण सुझन एडवर्डच्या लिखाणाला नावं ठेवते तीही लाल सोफ्यावर बसूनच. सोफा ओळखायला मला दोन वेळा लागल्या. चेहरा चुकला त्यात नवल नाही.

मात्र एक तक्रार आहे. फोर्डने तुम्हाला फार थोडं दिलं. 'वेडिंग क्रॅशर्स'मध्ये तुम्ही काय धुमाकूळ घातला होतात! डोळे एवढे मोठे करून, समोरच्याला घाम फोडून. इथे तुम्ही गाडीत बसता, घाबरता, भांडता आणि जाता. पाऊण चित्रपट तुमच्या नसण्यावर चालतो. मायकल शॅननला ऑस्करचं नामांकन मिळालं, अ‍ॅरन टेलर-जॉन्सनला गोल्डन ग्लोब. तुमच्या कामाचं मर्म तुम्ही दुसरी कुणी वाटण्यात होतं, आणि त्यासाठी बक्षीस द्यायची सोय कुठल्याच समारंभात नाही. समीक्षकांनीही तुमच्यावर एखाद्या ओळीपलीकडे खर्च केला नाही, असं मला मी वाचलेल्या परीक्षणांत दिसलं. त्या ओळीतही एमीचं नाव होतंच.

आता आईचं सांगते आणि थांबते. मी डबल रोलचं छातीठोकपणे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला नाही वाटत. मला वाटलं, तिची बहीण असेल." मी तिला उडवून लावलं. बहीण कुठून आली, ही पुस्तकातली बाई आहे, वगैरे. चित्रपट शिकलेल्या माणसासारखी बोलले. ती मुकाट्याने वाल सोलत राहिली.

शेवटी सुझन हिरवा झगा घालून हॉटेलात एडवर्डची वाट बघत बसते. पेला रिकामा होतो, भरला जातो, पुन्हा रिकामा. आईचे वाल संपले होते, पण ती पातेलं मांडीवर घेऊन तशीच बसलेली. म्हणाली, "आता ती येईल बघ."

"ती कोण? एडवर्डची वाट बघतेय ना ही!"

"तो कशाला येतोय. ती येईल, बहीण."

मग नावं सुरू झाली आणि माझी चूक पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आली. आईने सालांचं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि विचारलं, "मग ती दुसरी कोण म्हणायची?"

मी नाव वाचून सांगितलं.

"सरळ विचारलं तर सरळ सांग," आई म्हणाली. "आईसमोर असं बोलतात?"

आपली,
डबल रोलवर वाढलेली एक प्रेक्षक